जोडसायकलची तार

खरं प्रेम माणसाला वर उचलतं, असं थोर लोक सांगत आले आहेत. यागोदाला त्याने खाली झोपवलं. उताणं, गॅरेजच्या गार फरशीवर, आजोबांच्या मालुख मोटारीच्या पोटाखाली, डोळ्यांत गंज पडेल अशा बेताने.

पण ते नंतर. सुरुवात झाली एप्रिलातल्या एका ओलसर दुपारी, बेस्किड डोंगरांच्या पायथ्याच्या एका गावात, सायकलींच्या दुकानात. बाहेर पाऊस पडत होता, म्हणजे छत्री उघडायची लाज वाटेल आणि न उघडली तर भिजायला होईल, इतपत. यागोदाने आत येऊन केस झटकले.

"तुमच्याकडची सगळ्यांत लांब ब्रेकची तार द्या."

काउंटरमागच्या तरुणाने मान वर केली. त्याच्या नाकावर वंगणाचा एक ठिपका होता आणि त्याला त्याची खबर नव्हती. यागोदाला मात्र लागली. ठिपका त्याला शोभत होता.

"सायकल कोणती?"

"मालुख."

रेमेकने, म्हणजे त्या तरुणाने, हातातलं फडकं खाली ठेवलं. मालुख म्हणजे चिमुकला. हे लाडाचं नाव मिरवणारी मोटार त्याच्या आजीकडेही होती, पण आजी त्याला मागे बसवायची आणि मागे बसलं की फक्त स्वतःचे गुडघे दिसायचे.

"दोन सीटांच्या मधे दांडा असतो," यागोदाने समजावलं. "तो ओढला की गाडी चालू होते. दांड्याची तार तुटलीये. खरी मागवायला परवडते, पण मग गाडीच्या तळाची भोकं बुजवायला पैसे उरत नाहीत." तिची नजर छताकडे गेली. तिथे एक हिरवी, लांबलचक जोडसायकल टांगलेली होती. "तिची तार लांब असेल, नाही?"

"आहे. पण ती काढायची नाही."

"कुणी घेतलीये का?"

"नाही हो. कित्येक वर्षं कुणी घेत नाही." रेमेकने वर पाहिलं. "तिला दोन माणसं लागतात ना… लोक येतात ते एकेकटे."

त्याने साधी तार काढून दिली.

"ही ताणून सैल पडेल पण. मी येऊन बसवून देऊ का? तारांमधलं कळतं मला. आणि गाड्यांमधलंही— थोडंफार."

यातलं तारांबद्दलचं तेवढं खरं होतं.

शनिवारी तो आला. गॅरेजात शिरून त्याने गाडीभोवती एक गंभीर फेरी मारली, पुढचं झाकण उघडलं, आत पाहिलं. आत स्टेपनी होती. मालुखचं इंजिन मागे असतं. रेमेक बराच वेळ स्टेपनीकडे पाहत राहिला. मग "हं" म्हणाला, डॉक्टर म्हणतात तसं, आणि झाकण लावलं.

यागोदा पाने काढायला वळली. ती दिवसा औषधांच्या दुकानात काम करायची आणि लोकांच्या तोंडावर हसू नये एवढं तिला तिथे शिकवलं होतं.

गाडी आजोबांची. आजोबा गेल्या शरदात गेले. इंजिनातला आवाज ऐकून दुखणं कुठे आहे ते सांगायला त्यांनी यागोदाला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. तिची आई याच गाडीतून लग्नाला चर्चमध्ये गेली होती. धाकटी बहीण लिलियाना जूनमध्ये बोहल्यावर चढणार होती, आणि एकदा जेवताना ती म्हणाली होती, मीही आजोबांच्याच गाडीतून जाईन. बाबांनी सूपमधून मान वर केली होती.

"गेलीस तर गाडी राहील. नाही गेलीस तर सोमवारी भंगारवाला येईल. मला बटाटे ठेवायला जागा नाही."

यागोदासाठी सगळं लग्नाच्या त्या शनिवारवर येऊन ठेपलं होतं. आजोबांचं म्हणावं असं घरात दुसरं काही उरलं नव्हतं. टोपी होती, पण टोपीचा आवाज येत नाही.

मग शनिवारमागून शनिवार गेले. गाडीच्या तळाला जुन्या फ्रिजच्या दाराचा पत्रा बसला. सीटा भंगारात पडलेल्या दुसऱ्या गाडीच्या आल्या; त्या रुंद निघाल्या, म्हणून बसणाऱ्यांना एकमेकांच्या जरा जवळ बसावं लागे. याबद्दल कुणी तक्रार केली नाही. रंग खिडक्यांसाठी आणलेला पांढरा, आणि तो रोलरने दिला. लांबून गाडी नवी दिसायची. जवळून भिंत.

"पाना दे," यागोदा गाडीखालून म्हणायची. 'तुम्ही' केव्हाच गळून पडलं होतं.

"हा?"

"त्याहून लहान."

"हा?"

"रेमेक, तो चमचा आहे."

"तुझ्या आईने चीजकेक पाठवलाय. म्हटलं, आधी हे उरकावं."

आणि गाडीखाली एक हात यायचा, चमच्यावर केकचा तुकडा घेऊन. यागोदाचे हात काळे असल्यामुळे तिला तो तसाच खावा लागायचा. तिने हात पुसायचं फडकं दूर का ठेवलं होतं, हे विचारण्याइतका रेमेक चौकस नव्हता.

लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत गाडी तयार झाली. एकच कसर होती— तार ताणून सैल पडली होती. दांडा ओढला की गाडी कधी चालू व्हायची, कधी नुसता उसासा टाकायची. रिबिनी वाऱ्यावर टिकतात का ते बघायला यागोदाने बॉनेटवर पांढरा फुलोरा बांधला, आणि दोघं चर्चपर्यंत एक फेरी मारायला निघाले.

"काही झालं तरी इंजिन बंद पडू द्यायचं नाही," ती म्हणाली.

पुलापलीकडच्या वळणावर रस्ता अडवलेला होता. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले वात्सेककाका डोक्यावर शिरस्त्राण घालून उभे होते, आणि रस्त्यावर आडवा पाण्याचा पाइप ताणलेला होता. शेजारी खुर्ची टाकून त्यांच्या पत्नी गेन्याकाकू. लग्नाची गाडी दिसली की अडवायची आणि वोडकाची बाटली घेतल्याशिवाय सोडायची नाही, ही तिथली रीत. निवृत्तीनंतर काकांना वार नीट लक्षात राहत नसत, रीत मात्र पाठ होती.

"काका, लग्न उद्या आहे!" यागोदा ओरडली. "आणि माझं नाही, बहिणीचं!"

"सगळ्या असंच म्हणतात. बाटली?"

"अहो, डांगरी घालून कोण लग्न करतं?"

काकांनी बायकोकडे पाहिलं.

"हल्ली काहीही घालतात," गेन्याकाकू म्हणाल्या. "माझी भाची डोंगर चढायचे बूट घालून उभी राहिली होती. पोरगं दिसायला बरंय हो. नाक पूस म्हणावं त्याला."

रेमेकने खिसे चाचपले. "बाटली आहे, पण चेनच्या तेलाची."

"ती नको. तसलं एकदा झालंय," काका म्हणाले आणि तो विषय पुढे नेला नाही. "मग दुसरा उपाय. गेन्या, कर सुरू."

"कडू! कडू!" गेन्याकाकूंनी टाळ्यांचा ठेका धरला. नवराबायकोने मुका घेतल्याशिवाय वोडका कडू लागते, म्हणून हा पुकारा. वोडकाचा पत्ता नव्हता, पण कडू सगळ्यांना लागू लागली. कुंपणापलीकडचे दोघे शेजारीही ओरडू लागले.

मागे इंजिन खोकलं. थांबलं. पुन्हा धडधडलं.

"बंद पडेल," यागोदा पुटपुटली.

"मग… इंजिनासाठी?" रेमेकचे कान लाल झाले होते.

"इंजिनासाठीच."

सीटा रुंद होत्याच. फार वाकावं लागलं नाही. त्याला वंगणाचा आणि तिला व्हॅनिलाचा वास आला— गोष्टींत हे उलट असतं, पण चीजकेक त्या दिवशी त्याने खाल्ला होता. इंजिनाला लागला असता त्याहून जरा जास्त वेळ लागला. यागोदाचा पाय ॲक्सिलरेटरवरून केव्हा उचलला गेला, तिला कळलं नाही. इंजिन बंद पडलं, तेही दोघांना लगेच कळलं नाही.

"हं," गेन्याकाकू म्हणाल्या. पाइप बाजूला झाला.

यागोदाने दांडा ओढला. तो हलका, पोकळ, सरळ वर आला. तार तुटली होती.

गाडी ढकलत दोघं घराकडे निघाले. चढावर रेमेक थांबला.

"यागोदा… मला गाड्यांमधलं काही कळत नाही."

"माहितीये. इंजिन बघायला पुढचं झाकण उघडलंस तू."

"मग बोलली का नाहीस?"

"तू 'हं' म्हणालास. इतकं छान म्हणालास… वाटलं, अजून एकदोनदा ऐकावं." तिने डोळे पुसले, हात काळे होते, त्यामुळे चेहराही काळा झाला. "आता सोमवारी भंगारवाला येईल. साधी तार पुन्हा तुटणार."

रेमेकने गाडीला पुन्हा खांदा लावला. सकाळी बाबा दाढी करायच्या आधीच तो गॅरेजच्या दारात उभा होता. त्याच्या खांद्यावर जाड, लांब तारेचं वेटोळं होतं. हिरव्या वेष्टनाचं.

यागोदाने ते पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. "विकायची होती ना ती जोडसायकल?"

"नाही विकायची आता," तो म्हणाला. "दोन माणसं लागतात तिला. मी म्हटलं… तू मोकळी असतेस का, रविवारची?"

"तार धर नीट," यागोदा गाडीखाली शिरत म्हणाली. आणि मग खालून, जरा वेळाने, "असते."

गाडी पहिल्याच ओढीला चालू झाली. लिलियाना चर्चला वेळेवर पोहोचली. तिच्या झग्याला पेट्रोलचा वास येत होता आणि तिची आई तो वास येताच रडली. वात्सेककाकांनी पुन्हा रस्ता अडवला आणि दोन बाटल्या घेतल्या, एक आदल्या दिवसाची. बाबांनी बटाटे जिन्याखाली हलवले.

रविवारी यागोदा आणि रेमेक जोडसायकलवर फिरायला निघाले. अजूनही निघतात. फक्त सपाटीवरून, आणि सावकाश. जोडसायकलला मागचा ब्रेक नाही.