कुरकुर की सरसर?

रोज पाणी मिळूनही गवत वाळतंच कसं?

कोल्हापुरातल्या मुलींच्या फुटबॉल मैदानावर, नेमके गोलपोस्टपुढेच पिवळे चट्टे पडले होते. गोलरक्षक मैथिली शिंगटे रडकुंडीला आली होती. अंतिम सामना दीड महिन्यावर होता आणि मैदान समितीच्या तानुगडेकाकांनी बजावलं होतं, "गवात सुधारलं न्हाई, तर उखडून प्लास्टिकचं घालू." प्लास्टिकवर सूर मारला की कोपरं सोलवटतात, हे काकांना कोण सांगणार? ते कधी सूर मारणार होते!

मैथिलीने चट्ट्यातलं गवत ओढून पाहिलं. ते गोधडीसारखं अलगद गुंडाळत आलं. मुळंच नव्हती! खाली पांढऱ्या अळ्या अंग आकसून पडल्या होत्या.

"ही हुमणी," मैदान सांभाळणारे निवृत्त कीटकशास्त्रज्ञ दत्ताजीआजोबा म्हणाले. "भुंगेऱ्याची अळी. मातीत राहून मुळं खातीय. मुळंच न्हाईत, तर पाणी पिणार कोण?"

आजोबांनी नवाकोरा रोबो आणला. मांजराएवढा, नाव कानोसा. जमिनीला पोट लावून तो आतले आवाज टिपायचा. तासाभरात त्याने नकाशा काढला, हुमणी तिथे लाल ठिपका. अख्खं मैदान लाल!

"मग सगळीकडं विषच ओता," तानुगडेकाका म्हणाले.

मैथिलीला पटेना. चट्टे तर फक्त गोलपुढे होते. तिने हिरव्यागार भागातल्या एका लाल ठिपक्यावर खुरपं चालवलं. निघालं एक लठ्ठ गांडूळ.

"अरे येड्या," मैथिली कानोशाला म्हणाली, "हे तर आपलंच माणूस! माती भुसभुशीत करतंय हे."

"हालचाल ऐकू आली. हालचाल म्हणजे हुमणी," कानोसा ठामपणे म्हणाला.

"नुसतं ऐकून भागत न्हाई बाबा, ओळखायला पाहिजे."

मग मैथिलीने एका कुंडीत हुमण्या, दुसरीत गांडुळं ठेवली आणि कानोशाची दिवसभर शिकवणी घेतली. हुमणी मुळं कुरतडते, कुरकुर. गांडूळ सरकतं, सरसर. चाळीस वेळा चुकला बिचारा! संध्याकाळच्या नव्या नकाशावर लाल राहिले फक्त गोलपुढचे चट्टे.

तेवढ्याच जागी आजोबांनी सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारे, धाग्यासारखे जीव) पाण्यातून सोडले. "हे अळीच्या अंगात शिरत्यात. त्यांच्यासंगं जिवाणू असत्यात, ते अळीला मारत्यात. गांडुळाला धक्का न्हाई. पण ह्यांना ऊन सोसत न्हाई, म्हणून सांजच्याला, ओल्या मातीत." अळ्या कमी झाल्यावर मैथिलीने तिथे हरळीच्या काड्या लावल्या.

सामन्याच्या सकाळी तानुगडेकाकांनी स्वतः वाकून, दोन्ही हातांनी गवत ओढलं. गवत हललं नाही. काकाच मागे बसले.

आणि शेवटच्या मिनिटाला मैथिलीने त्याच हिरवळीवर सूर मारून चेंडू छातीशी धरला. "जिंकलो!" म्हणत सगळं मैदान नाचायला लागलं.

"अजून तीन कुरकुर आहेत," कानोसा म्हणाला.

"असू देत. तिघींना पोसायला गवत खमकं हाय," आजोबा हसले. "आता ह्याला उसाच्या रानात न्यायचं. तिथंबी हुमणी हाय."

कानोसा मैथिलीच्या बुटाला येऊन टेकला.

"तिथली सरसर निराळी असेल. शिकवाल ना, बाई?"