कड्यावरून आलेली कू

आधीच सांगते, हे खरं आहे. पटलं नाही तर पुढे स्क्रोल करा, पण कमेंटमध्ये शहाणपणा शिकवू नका. माझ्या सख्ख्या भावाचा प्रश्न आहे.

ठिकाण देवरूखजवळचं आमचं गाव. यंदाचा मे महिना, भर दुपार. अमावस्या नाही, काळोख नाही. लख्ख ऊन.

मी वेदिका. देवरूखला खोली घेऊन शिकते. माझा धाकटा भाऊ रितेश तेव्हा वानरं हाकायला आमच्या आंब्याच्या बागेत, खोपटात एकटा असायचा. दुपारी आम्ही दोघं आपापल्या मोबाइलवर एकच गेम खेळायचो. माइक चालू ठेवून.

रितेशला मारामारीत रस नव्हता. त्याला चढायचं वेड. त्या गेममध्ये एक उभा कडा आहे. बनवणाऱ्यांनी तिथे वाटच ठेवलेली नाही. पण पठ्ठ्याने युक्ती शोधली होती. धावत जाऊन भिंतीला पाठ लावायची, उडी मारून हवेतच वळायचं, कपारीची कड पकडायची आणि लगेच खाली बसायचं. बसलं की खेळाडू बोटभर वर सरकतो. तेवढ्यात पुढची उडी.

मी कितीदा तरी पडले.

"घाई नको गो ताई! आधी बस, मग उडी!" गेममध्ये कड्याखाली उभा राहून तो माइकवर ओरडत होता.

आणि त्या दुपारी मी शेवटच्या कपारीवर पोचले. इतका आनंद झाला की खोलीत एकटीच नाचले.

तेवढ्यात माइकवर आवाज आला...

"कूऽऽऽ..."

लांबून. वरून.

"होऽऽ!" रितेशने लगेच उत्तर दिलं.

ही आमच्याकडची आंबे काढायची रीत. झाडावरचा माणूस पानांत दिसत नाही. उतरायच्या आधी तो कू करतो. खालचा हो म्हणतो. म्हणजे, मी उभा आहे, उतर. आणि एकदा हो म्हटलं की वरचा जमिनीवर येईपर्यंत खालच्याने जागा सोडायची नाही.

"मस्त चढलीस! ये आता खाली," रितेश हसत म्हणाला.

"रितेश... मी कू केलंच नाही."

मी गेममधला कॅमेरा वर फिरवला. वर नुसती गुळगुळीत भिंत. तिथे कुठलीच युक्ती चालत नाही, रितेशने सगळं करून पाहिलं होतं.

तिथे कोणीतरी होतं.

डोक्यावर खेळाडूचं नाव नाही. तोंड भिंतीकडे.

ते उतरत होतं... एक पाय खाली सोडून, चाचपून, टेकवून, मग दुसरा. झाडावरून माणूस उतरतो तसं. त्या गेममध्ये असं उतरता येतच नाही हो. फक्त उडी मारता येते.

ते माझ्या बाजूने खाली गेलं.

"रितेश, बंद कर! घरी जा!"

चित्र अडकलं. माइक मात्र चालू होता...

खर्र... खर्र... झाडाच्या सालीवर काहीतरी घासत होतं.

"ताई," रितेश हळूच म्हणाला, "भायेरच्या आंब्याच्या कलमावर कोणतरी हाय."

आवाज तुटला.

फोन पुन्हा लागेना. मी रडत गावातल्या आमच्या शेजारच्या रामाकाकांना फोन केला. ते धावत बागेत गेले आणि तिथूनच बोलले.

"पोरी, पोरगा बरा हाय. झाडाबुडी उभा हाय, वर बघतोय. चल म्हटला तर येत नाय."

मागून रितेशचा आवाज आला. "कसा येऊ काका? मी हो बोललोय. तो अजून उतरतोय."

रामाकाकांना झाडावर काहीच दिसलं नाही.

संध्याकाळी त्याला धरून घरी आणला. जेवला, नीट बोललाही. पण दुसऱ्या दुपारी पुन्हा त्याच झाडाखाली. गेम काढून टाकला. आईने देवळात गाऱ्हाणं घातलं. बाबांनी कोंडून पाहिलं, तर दारावर हात आपटून रक्त काढलं त्याने.

आता आंबे संपलेत, पाऊस लागलाय. तरी तो जातो. मी शिक्षण सोडून त्याच्यासोबत असते. मला कधी काही दिसलं नाही.

मी रोज विचारते, "कुठवर आला?"

तो बोटाने दाखवतो. आधी बोट शेंड्याकडे असायचं. मग मधल्या फांदीकडे.

काल त्याने बोट वर केलंच नाही... सरळ समोर धरलं.

"ताई," तो म्हणाला, "जरा मागं सर. त्याला पाय टेकायला जागा दे."

मी सरकले. का सरकले, माहीत नाही.

थोड्या वेळाने दुपार होईल. रितेश चपला घालतोय. म्हणतो, आज त्याचे पाय टेकतील. मला जाम भीती वाटतेय, पण मीही निघतेय.