पासिंगची रांग

"मॅडम, लवकर या, नाहीतर एका मुडद्याचे दोन होतील," हवालदार फोनवर म्हणाला. पुढचं बोलणं आरडाओरड्यात बुडालं आणि फोन बंद पडला.

फौजदारबाई वाहन तपासणी केंद्रावर पोचल्या तेव्हा फाटकाला साखळी घातलेली होती. साखळीपलीकडे ड्रायव्हर, मेकॅनिक आणि बघे यांचा हा घोळका. कोणाच्या हातात पाना, कोणाच्या हातात जॅकचा दांडा. बाहेर अँब्युलन्स अडकून पडली होती. बाईंना जीपसकट आत घेतलं, पण साखळी लगेच पुन्हा लागली. खुनी हातात मिळाल्याशिवाय अँब्युलन्स आत येणार नाही, असं त्यांना तोंडावर सांगण्यात आलं.

खुनी कोण, हे गर्दीने ठरवून टाकलं होतं. शाळेच्या बसचा ड्रायव्हर. त्याला इतकं मारलं होतं की हवालदाराने ओढत ऑफिसच्या खोलीत कोंडलं म्हणून तो जिवंत राहिला. हवालदाराचाही ओठ फाटला होता. खोलीचं दार पातळ होतं आणि बाहेरून लाथा बसत होत्या.

बाई आधी खड्ड्याकडे गेल्या. गाडीची खालची बाजू बघायला खणलेला, छातीइतका खोल, सिमेंटचा लांबट खड्डा. त्यावर शाळेची बस उभी होती. काचेवर खडूने केलेली ठळक खूण होती. वरची तपासणी झाली, म्हणजे दिवे, हॉर्न, वायपर, आग विझवायचा सिलिंडर, सगळं जागच्या जागी आहे, की तपासनीस ती खूण करायचा आणि मगच खड्ड्यात उतरायचा. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तपासनीस पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू आत गेली होती. घाव एक नव्हता, तीन तरी होते, आणि शेवटचा तो पडल्यावर घातलेला होता. हाड फुटून केसांत मिसळलं होतं. जखमेची कड गोल होती, ओल्या मातीत डबा दाबल्यावर उठते तशी.

रक्तात पांढरी पूड कालवली गेली होती. खांद्यांवर, भिंतीवर, पायऱ्यांवरही तिचा पातळ थर होता.

"खडूची पूड, मॅडम," हवालदार म्हणाला. "साहेबांच्या हातात कायम खडू असायचा."

खडू तपासनीसाच्या खिशात होता, अख्खा. हातोडी त्याच्या मुठीत होती, स्वच्छ.

खड्ड्याच्या काठावर तपासनीसाचा मेहुणा बसला होता. फाटकाशी त्याचं दुकान होतं, बल्ब, वायपर, चमकणाऱ्या पट्ट्या असल्या सामानाचं. दाजींनीच, म्हणजे तपासनीसानेच, ते थाटून दिलं होतं. आवाज ऐकून आपण दुकानातून धावत आलो, दाजींचं डोकं मांडीवर घेतलं, असं त्याने रडत सांगितलं. त्याचा शर्ट पुढून रक्ताने भिजला होता आणि मागे कॉलरपासून कमरेपर्यंत थेंबांची तिरकी रांग होती. ड्रायव्हरला पहिला ठोसा आपणच मारला, हे मात्र त्याने रडू थांबवून सांगितलं.

शेजारी त्याची बहीण, तपासनीसाची बायको. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. दुसरी चप्पल ड्रायव्हरच्या तोंडावर तुटेपर्यंत चालली होती. तिला आता रडूही येत नव्हतं.

ऑफिसात ड्रायव्हर फरशीवर पडला होता. एक हात कोपरातून भलतीकडे वळला होता. डोळ्यावरची सूज आणि तोंडातलं रक्त यातून तो जेमतेम बोलत होता.

"तू कुठे होतास?"

"स्टेअरिंगवर. इंजिन चालू होतं. साहेब खालून हातोडीने ठोकतात. एक ठोका आला की ब्रेक दाबायचा. दोन आले की सोडायचा."

"मग?"

"एक आला. मी दाबला. नंतरचे दोन आलेच नाहीत." त्याने रक्त गिळलं. "पाय थरथरायला लागला, तरी सोडला नाही. आधीच दोनदा नापास झालो होतो. शेवटी उतरून बघितलं."

"अंगावर रक्त?"

"उचलत होतो त्यांना."

"गाडीत मागून कोणी चढलं होतं?"

तो म्हणाला, "मागचं दार हललं. पण ते हलतंच."

"हलतंच म्हणजे?"

त्याने तोंड फिरवलं. मरायला टेकलेला माणूसही काहीतरी लपवतोय, हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांना त्याचा रागही आला.

गर्दीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. आज त्याच्या बसच्या पासिंगची शेवटची तारीख होती. नापास झाला असता तर उद्यापासून शाळेने दुसरी बस लावली असती. रांगेत उभं असताना "आज अडवलं तर बघून घेईन" असं तो चारचौघांत बोलला होता. असं रांगेतला प्रत्येक जण बोलतो, पण खून याच्या गाडीखाली झाला होता.

हवालदाराने आवारातल्या सगळ्या गाड्यांची झडती घेतली. पाने, दांडे, हातोड्या यांचा ढीग पडला. एकावरही रक्त नव्हतं आणि एकाचीही कड जखमेला जुळत नव्हती. आवारातून कोणी बाहेर गेलेलं नव्हतं. हत्यार इथेच होतं आणि दिसत नव्हतं.

इतक्यात खिडकीची काच फुटली. दगड ड्रायव्हरच्या कानाशी पडला आणि काचेने त्याचं कपाळ कापलं. रक्त डोळ्यात उतरू लागलं. बाई प्रथमोपचाराची पेटी आणायला स्वतःच जीपकडे धावल्या.

जीपमध्ये पेटी नव्हती. पेटीच्या जागेशेजारी लोखंडी पट्टा उघडा लोंबत होता. तिथे आगीचा लाल सिलिंडर असायला हवा होता.

"गेल्याच आठवड्यात या जीपचं पासिंग झालं ना?" त्यांनी हवालदाराला विचारलं.

हवालदाराने मान खाजवली. "झालं, मॅडम."

"कसं झालं?"

"तेवढ्यापुरतं सामान भाड्याने घेतलं होतं. सगळेच घेतात." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आपला नंबर आला की दुकानवाला सिलिंडर आणून लावतो, पेटी ठेवतो. खूण झाली, गाडी खड्ड्यावरून उतरली की काढून मागच्या गाडीला. बाजारात जायचा त्रास वाचतो. काम इथल्या इथे, वेळेत."

एरवी बाईंनी त्याला फैलावर घेतलं असतं. आत्ता त्या लोंबणाऱ्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःचा रुमाल हवालदाराच्या हातात देऊन ड्रायव्हरच्या कपाळावर घट्ट बांधायला पिटाळलं आणि बसच्या मागच्या दाराने आत चढल्या. शेवटच्या सीटमागे तसाच पट्टा होता. उघडा, रिकामा. पुढच्या काचेवर मात्र खडूची खूण होती.

उतरताना त्यांची नजर आवाराच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे एका बसचा जळका सांगाडा चौकशीसाठी आणून ठेवला होता. गेल्या महिन्यात भर रस्त्यात पेटली होती ती. मागच्या सीटवरचे प्रवासी आतच जळून मेले. तिचं पासिंग याच केंद्रात झालं होतं. बाई सांगाड्यात वाकल्या. काळ्या पडलेल्या पत्र्यावर पट्टा होता. उघडा, रिकामा.

त्या परतल्या आणि थेट जीपच्या बोनेटवर चढल्या. गर्दी ऑफिसच्या दाराला बाकडं भिडवत होती.

"ड्रायव्हर देते तुमच्या ताब्यात," बाई ओरडून म्हणाल्या. बाकडं थांबलं. "आधी एक काम करा. आज सकाळपासून ज्यांच्या ज्यांच्या गाडीवर खूण झाली, त्यांनी आपापला आगीचा सिलिंडर घेऊन इथे उभं राहा. सगळ्यांनी एकदम."

कोणी हललं नाही.

मघाशी ज्यांच्या घशातून शिव्या थांबत नव्हत्या ते एकमेकांच्या चपला बघू लागले. बाईंनी पुन्हा सांगितलं. एक जण पुटपुटला की घरी राहिला. दुसरा हातातला पाना खाली ठेवून मागे सरकला.

"बरं, ज्यांची खूण व्हायचीय त्यांनी दाखवा."

बसच्या मागे टेम्पो उभा होता. पुढचा नंबर त्याचाच होता. टेम्पोवाला लाल सिलिंडर घेऊन पुढे आला. एवढ्या आवारात तो एकुलता एक सिलिंडर होता. हवालदाराने मघाशी टेम्पोचीही झडती घेतली होती, पण जी वस्तू जिथे असायला हवी तिथेच आहे, तिच्याकडे कोण बघतो?

बाईंनी हातरुमालाऐवजी टोपीने धरून तो उलटा केला. बुडाच्या गोल कडेत पुसूनही राहून गेलेलं रक्त होतं आणि त्यात दोन केस. दाब दाखवणारा काटा शून्यावर. खटका अडवणारी पिन कधीचीच नव्हती. तोंडाशी पांढरी पूड चिकटली होती.

"हा तुझा?"

"नाही, मॅडम. दुकानातला."

"तुझ्या टेम्पोत कोणी लावला?"

त्याने खड्ड्याच्या काठाकडे बघितलं. "त्यांनीच. नेहमी तेच लावतात."

"कधी? बसच्या ड्रायव्हरने ओरडायच्या आधी की नंतर?"

"आधी. मग ते पाणी प्यायला दुकानात गेले. मग बसवाला ओरडला."

मेहुणा उठला होता. बाई त्याच्याकडे न बघता गर्दीशीच बोलत राहिल्या.

"काचेवर खूण आहे, म्हणजे तपासनीस खाली उतरला तेव्हा सिलिंडर बसमध्ये होता. बस अजून खड्ड्यावर आहे, पण सिलिंडर टेम्पोत. मधल्या वेळात तो हलवला कोणी? रोज शंभरदा जो हलवतो त्याने. मागच्या दाराने चढला, पट्टा उघडला, पायऱ्या उतरला. वर इंजिन घरघरत होतं, ड्रायव्हर ब्रेकवर पाय रोवून बसला होता. खाली उतरलेल्याने मुठीला धरून सिलिंडर डोक्यावर उगारला आणि मुठीचा खटका दाबला गेला. ती पूड खडूची नाही, याच्या पोटातली आहे. मारला, पुसला, वर आला आणि हाताच्या सवयीने मागच्या गाडीला लावून टाकला. हा सिलिंडर कुठे फेकला असता तर मी कदाचित आठवडाभर शोधत बसले असते. पण रांग थांबू द्यायची नाही, ही सवय."

"दाजींना मी मांडीवर घेतलं होतं," मेहुणा म्हणाला. "त्यांचंच रक्त आहे हे."

"पुढचं असेल. पाठीवर कसं आलं? भिजलेलं जड काही डोक्यावरून मागे नेलं, की त्याचे थेंब पाठीवर पडतात. ते झाकायला म्हणून तू प्रेताला कवटाळलंस. आणि हे सगळे गप्प बसणार, हे तुला माहीत होतं. सिलिंडर भाड्याचा म्हटलं की प्रत्येकाचंच पासिंग रद्द. तो आतला, अर्धमेला, तोही याच भीतीने मला बोलला नाही."

"मी कशाला मारू त्यांना?"

उत्तर त्याच्या बहिणीने दिलं. इतका वेळ ती एकाच पायातल्या चपलेकडे बघत होती.

"त्या जळक्या बसपासून ते जेवत नव्हते," ती म्हणाली. "म्हणायचे, त्या बसला खूण मी केली. सिलिंडर तुझ्या भावाचा होता हे दिसत असून केली. आज संध्याकाळी वरच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगणार होते. स्वतःचंही." ती थांबली. "मला दुकानाची काळजी वाटली. सकाळी मीच याला फोन केला. म्हटलं, दाजींना समजाव."

"ताई, मी समजवायलाच गेलो होतो. ते ऐकेचनात. पाठ फिरवून खाली उतरले."

"समजवायला सिलिंडर घेऊन?" बाईंनी विचारलं.

त्याच्याआधी गर्दीच बोलली. पहिला जॅकचा दांडा त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर, आणि तो कोसळला. मघाशी ड्रायव्हरला तुडवणारे तेच पाय आता याला तुडवू लागले. बाई आणि हवालदार आत घुसले. बाईंच्या मनगटावर पाना बसला तरी त्यांनी त्याची कॉलर सोडली नाही. ओढत नेऊन जीपमध्ये कोंबला तेव्हा त्याच्या शर्टावर मेलेल्याचं रक्त कुठलं आणि त्याचं कुठलं, हे सांगता आलं नसतं. बाईंना त्या गर्दीची मनापासून किळस आली.

मारणाऱ्यांकडे पाठ करून बहीण तशीच एका चपलेने फाटकाकडे गेली. साखळी काढली आणि फाटक सताड उघडलं. अँब्युलन्स आत आली. तिच्यासमोर अडवायला कोणी उभं राहिलं नाही.

ड्रायव्हरला स्ट्रेचरवर घेतलं. जबडा शाबूत आहे, हात बसवावा लागेल, वाचेल, असं अँब्युलन्समधला माणूस म्हणाला. ती स्ट्रेचरजवळ जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने तिला बघून धड असलेला हात तोंडावर घेतला.

"मारत नाही," ती म्हणाली. "शेवटचा ठोका किती जोरात आला होता?"

त्याला आधी कळलं नाही. मग तो म्हणाला, "नेहमीसारखाच, ताई."

"म्हणजे त्यांना काही कळलं नव्हतं."

"नाही. साहेब काम करत होते."

तिने मान हलवली, त्याच्या अंगावरची चादर नीट केली आणि अँब्युलन्सचं दार स्वतः लावलं. मग ती खड्ड्याच्या पायऱ्या उतरून नवऱ्याजवळ जाऊन बसली.