ओहोटी न झालेली दशमी

करळवाडीच्या खाडीत भरती कधी शिरणार, हे हल्ली चंद्र ठरवत नसे, राखणदार ठरवत असे. राखणदार म्हणजे खाडीच्या मुखाशी बसवलेलं, आपलं आपण चालणारं आणि बोलणारं फाटक. एरवी त्याची पोलादी पाती तळाशी निजलेली असत. समुद्र लाल रेषेच्या वर चढला की त्यांत हवा भरली जाई आणि ती उभी राहत. सरकारी कागदांत त्याला भलतंच लांबलचक नाव होतं. पण गावाने पहिल्याच दिवशी नारळ फोडला, गाव राखणाऱ्या देवाला गाऱ्हाणं घातलं आणि त्याच्याच नावाने बारसं उरकून टाकलं. दुसरं करणार काय? समुद्र तापला, फुगला, वर आला. गाव भरतीच्या पाण्याखाली जाऊ लागलं. उठून जायला डोंगरावर कुणाच्या बापाची जागा होती?

त्या दुपारी फाटकाच्या देखरेख-खोलीत समिधा कुबल एकटीच कामावर होती. तिचे वडील गुरुनाथ दोन खलाशांना घेऊन खोल समुद्रात गेले होते. पूर्वी बांगडा हाकेच्या अंतरावर मिळायचा. आता तो गार पाणी शोधत इतका लांब गेला होता, की नुसतं जाऊन यायलाच दिवसच्या दिवस जात. आणि वादळांना तर हल्ली धरबंदच नव्हता; सकाळी सूचना आली की दुपारी दारात.

वायरलेस खरखरला. गुरुनाथ बोलत होते.

"समिधा, बंदर दिसाक लागला. वारो काय बरो नाय. आज दशमी मा? दहाची पाऊणपट साडेसात. साडेसाताक भरती झाली, म्हणजे दीडाक सुकती. फाटक निजलेला आसतला. सरळ आत घेतंय."

"गणितात नापास झालेलो माणूस पाढे म्हणता!" समिधा हसून म्हणाली.

"दर्याच्या गणितात कोण नापास करतलो माका?"

सगळी किनारपट्टी हाच हिशेब करत आली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सुकती. कुणाला तो शिकवावा लागत नसे. समिधाने सवयीने पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. दीड वाजत आला होता आणि पाणी उतरलंच नव्हतं.

चंद्र आपलं काम चोख करत होता. पण तो जेवढं पाणी मागे खेचत होता, त्याहून जास्त पाणी वारा किनाऱ्यावर लोटत होता. शास्त्रज्ञ याला वादळफुगवटा म्हणत. तो पूर्वीही येई, पण तेव्हा समुद्र मुळात खाली असे. आज ओहोटीचं पाणीच लाल रेषेच्या वर उभं होतं.

"बाबा, आत येव नकात. फाटक उभा आसा."

"ह्या वेळेक?"

"सुकती झालीच नाय."

"झालीच नाय म्हणजे काय गो? असा खय होता?"

समिधाने घाईघाईने राखणदाराला विचारलं, "बोटीपुरतं एक पातं खाली घेता येईल?"

"पातं खाली घेतल्यास बोट पार होण्याआधी खालच्या आळीत पाणी शिरेल. घरांत माणसं आहेत," राखणदार भरतीची वेळ सांगावी तितक्या सभ्यपणे म्हणाला. "पातं खाली घेता येणार नाही."

"मी इथली कर्मचारी आहे. मी सांगतेय ना!"

"आपल्या म्हणण्याची नोंद घेतली आहे."

तिने टेबलावर मूठ आपटली. खालच्या आळीत तिचंही घर होतं आणि घरात आई होती.

हाताने फिरवायची कळ फाटकाला नव्हतीच. जनसुनावणीत गुरुनाथच उठून म्हणाले होते, "माणसाच्या हातात कळ देव नकात. माणूस आपल्या माणसासाठी दार उघडतलो आणि गाव बुडवतलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणावं, तर तसंही नाही. म्हातारा बरोबर बोलला होता. तेच तर समिधाला सहन होत नव्हतं.

"कळ नसा मा?" वायरलेसवरून त्यांनीच विचारलं.

"नसा, बाबा."

"मीच सांगितलेलंय. टाळये पण घेतलंय." ते हसले.

"हसतास काय!" ती ओरडली. रागाने तिला रडू फुटलं. "थांबा, शेजारची खाडी बघतंय."

वादळात सापडलेली होडी पूर्वी दिसेल त्या खाडीत घुसायची. गाव ओळखीचं नसलं तरी वाटीभर गरम पेज मिळायची. समिधाने पडद्यावर उत्तरेकडचा किनारा पाहिला, मग दक्षिणेकडचा. प्रत्येक खाडीच्या तोंडावर लाल रेघ होती. सगळी फाटकं उभी होती, सगळी नीट चालत होती. कुठेच काही बिघडलेलं नव्हतं.

"सगळी बंद?" गुरुनाथांनी विचारलं.

"सगळी."

"मग बोट फिरवतंय. लाटेक तोंड देऊन ऱ्हवतंय. हय आपटून मरण्यापेक्षा भायर बरा. रातच्या सुकतीपर्यंत डिझेल पुरतला." मग लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "रातची सुकती तरी होतली मा गो?"

समिधाने राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, आताच सांगता येणार नाही. वडिलांना हे कसं सांगायचं, ते तिला कळेना. तिने बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. तोवर पलीकडे नुसता वारा उरला होता. काचेतून बोट वळताना दिसली आणि मग पावसाने तीही दिसेनाशी झाली. इतकं असहाय तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

टेबलावरचा फोन वाजला. आई होती.

"गो, वारो काय म्हणता बघ! पण घर कसा कोरडा ठणठणीत आसा. पडवेत पाण्याचो थेंब नाय. पावलो बाबा राखणदार! आणि आयक, ते पोचले काय? किती जणांचो भात टाकू?"