विटेच्या पाठीवरचे पांढरे केस

ही गोष्ट मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. तेवढा उत्साह आता माझ्यात उरलेला नाही. जे झालं ते सांगते. पटलं तर पटलं.

ताई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

माझी थोरली बहीण. घोड्यावर बसायला शिकवायची. गावाबाहेर तिचं आणि भावोजींचं घर, मागे तबेला, पुढे मातीचं अंगण. शेवटचं आजारपण लांबलं. जिने आयुष्यभर खोगिरावर बसून काम केलं, ती कूस बदलायलाही आम्हाला हाक मारायची.

ती गेल्यावर भावोजींनी बाकीचे घोडे देऊन टाकले. एक घोडी तेवढी ठेवली. ताईची.

तिचं नाव वीट. भाजलेल्या विटेसारखा रंग, अंगावर कुठे एक ठिपका नाही. भावोजी पूर्वी म्हणायचे, "घरात एकच वीट आणली आणि तिचाच मला वीट आला." ताई हसायची. नंतर ते हा विनोद करेनासे झाले.

भावोजींचे गुडघे कामातून गेलेले. म्हणून घोडीचं बघायला मी तिथे राहायला गेले. दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची, संध्याकाळी येऊन तबेला झाडायचा, खरारा करायचा. ब्रश फिरवता फिरवता डोळे मिटायचे माझे.

आधी लक्षात आलं ते घोडीचं दमणं.

सकाळी दार उघडलं की ती मान खाली टाकून उभी. पोटाखाली वाळलेला घाम. जशी काही मैलोनमैल जाऊन आलीय...

आणि तबेल्याला बाहेरून कडी.

मग एकदा खरारा करताना पाठीवर पांढरे केस दिसले. थोडेच. वाटलं, धूळ असेल.

झटकले. गेले नाहीत.

पुढच्या काही आठवड्यांत ते वाढत गेले. तांबूस केसांत पांढरे केस मिसळलेले, जसं विटेवर कुणी मीठ सांडावं.

मी डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या बरीच वर्षं ताईच्या घोड्यांना तपासत होत्या. म्हटलं, वय झालं असेल हिचं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. म्हणाल्या, वयाचे पांढरे केस तोंडावर येतात, डोळ्यांभोवती. काही घोडे जन्मतःच असे मिसळ रंगाचे असतात, पण मग ते सगळ्या अंगभर असतं.

त्यांनी घोडीच्या पाठीवरून बोट फिरवलं. पांढऱ्या केसांच्या कडेकडेने. बोट गोल फिरून परत आलं, तेव्हा मला आकार दिसला.

खोगिराचा.

"खोगीर घासतं तिथल्या कातडीतला रंग मरतो," बाई म्हणाल्या. "मग तिथे पांढरेच केस येतात. हिच्यावर रोज कोण बसतंय?"

"कुणीच नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली. जाताना बजावलं, घोडी झिजत चाललीय, बसणं बंद करा.

माझा संशय भावोजींवर गेला. खोटं कशाला बोलू. दुःखात माणूस काहीही करतो. मी कोठीची किल्ली मागितली आणि ताईचं खोगीर बघायला गेले.

खुंटीवर होतं. वर धुळीचा जाड थर. पोटाखालून आवळायच्या तंगाच्या पट्ट्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं...

कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

त्या संध्याकाळी घोडीवर नजर ठेवायला आम्ही दोघं तबेल्याच्या दारात स्टुलं टाकून बसलो. ऊन उतरलं होतं, पण सगळं स्वच्छ दिसत होतं. मला डुलकी लागत होती.

आधी पक्ष्यांचा आवाज थांबला.

मग चामडं कुरकुरलं... कर्र... जसं रिकिबीत कुणी पाय रोवावा.

घोडीच्या अंगावर काहीही नव्हतं.

तिने पाय थोडे फाकवले. भार घ्यायला घोडे फाकवतात तसे.

आणि तिची पाठ किंचित खाली दबली...

पोटावरचे केस एका पट्ट्यात चपटे झाले. तंग आवळल्यासारखे. तिचे कान मागे वळले, बसलेल्या माणसाचं ऐकायला वळतात तसे.

मग जिभेचा आवाज आला. च्च, च्च.

ताई घोडीला असंच चालवायची. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला तो आवाज जमला नाही कधी.

वीट आमच्यामधून चालत बाहेर पडली आणि अंगणात फेऱ्या घालू लागली. मान खाली. खूर ओढत. तिच्या तोंडातून फेस गळत होता, तरी ती थांबेना.

मी उठले. भीतीपेक्षा कीव जास्त होती.

"ताई, उतर गं आता. दमलीये ती."

घोडी थबकली. मागचे पाय थरथरत होते.

तेवढ्यात भावोजी बोलले. अगदी हळू, मला नाही, तिला.

"राहू दे. फिर तू. फार दिवस पडून होतीस."

घोडी पुन्हा चालू लागली...

मी आत जाऊन बसले. खुरांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

नंतर मी भावोजींना परोपरीने सांगितलं, घोडी दूर कुणाला तरी देऊ या, ती अशाने मरेल. ते ऐकून घेत. मग म्हणत, "ती गेली तर ही कुठे जाईल?" यातली ती कोण आणि ही कोण, ते मी विचारलं नाही.

वीट अजून आहे. खंगलीय, पण उभी आहे. आता पाठ जवळजवळ पांढरीच झाली तिची.

परवा खरारा करताना माझा हात थांबला. खोगिराच्या खुणेच्या मागे, पार कमरेपाशी, नवे पांढरे केस आलेत. थोडेच.

खोगीर तिथवर पोचत नाही.

डॉक्टरबाईंना फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या वैतागल्या. "मागे कुणाला बसवायला लागलात का आता?"

काल सकाळी भावोजी फार उशिरा उठले. भिंतीला धरत धरत चहाला आले. म्हणाले, हल्ली झोपून उठलो तरी थकवा जात नाही. मांड्या आतून भरून आल्यात, कळत नाही कशाने.

चेहरा मात्र... खूप दिवसांनी शांत होता.

मी तेलाची बाटली काढून दिली. चोळा म्हटलं.

त्या केसांबद्दल मी त्यांच्याशी अजून बोलले नाहीये.