एका माणसाची ऊब

सर्व्हरच्या खोलीला किती थंडावा लागेल याचा हिशेब करायला आलेल्या इंजिनिअर बाईंना ऑफिसात सगळे टनबाई म्हणत. एसी टनात मोजतात म्हणून. एरवी बाई अंगाने अगदी काडी होत्या. हिशेबात मात्र कुणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत.

जुना एसी थकला होता. दुपारी यंत्रं तापून बंद पडत, अख्खं ऑफिस हात चोळत बसे. खोली बेताचीच: काचेचं दार, सर्व्हरची दोन कपाटं, कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची. टनबाईंनी यंत्रांची वीज धरली, दिवे धरले, भिंतीतून येणारं ऊन धरलं. माणसांच्या जागी सवयीने शून्य टाकलं. मग एसीत जाणारी आणि त्यातून येणारी हवा मोजून खोलीतली खरी उष्णता काढली. ती शंभर वॉट जास्त भरली.

दिवे बंद करून मोजलं, बाहेर उभं राहून मोजलं. आकडा हटेना. नुसता बसलेला माणूस साधारण तेवढीच उष्णता देतो हे त्यांना तोंडपाठ होतं, म्हणून आधी हसूच आलं. मग त्यांनी खुर्चीला हात लावला, आणि हसू विरलं.

बाहेर टेबलाशी आल्यागेल्याची विचारपूस करणाऱ्या काकू बसल्या होत्या.

"काकू, आत कोण बसतं?"

"मी डबा खाते कधी कधी." काकू चपापल्या. "आज नाही गेले."

"मग खुर्ची तापते कशानं?"

"तापते म्हणू नको गं. ऊब आहे ती."

काकूंचे यजमान ही यंत्रं सांभाळायचे. गेल्या हिवाळ्यात, त्याच खुर्चीत, बसल्या बसल्या गेले होते.

"नवा एसी आला की जाईल का गं ती?" काकूंनी हळूच विचारलं. "ह्यांना थंडी सोसत नाही. त्यात स्वेटरची वरची गुंडी लावतील तर शपथ! मी जन्मभर कानीकपाळी ओरडले."

टनबाईंचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तरी त्यांनी शून्य खोडून एक केला आणि थंड हवेचा झोत कपाटांकडे वळवून घेतला, खुर्चीवर येऊ दिला नाही.

"माणूस कशाला धरलात?" साहेबांनी विचारलं.

"धरावा लागतो," एवढंच त्या म्हणाल्या.

नवा एसी बसला. खोली चांगलीच गार झाली; त्याला इलाज नव्हता. आठवड्याने टनबाई तपासायला आल्या तेव्हा भरदुपारी यंत्रं सुरळीत चालली होती. आकडे जुळले, त्या एका माणसासकट. त्यांना फार बरं वाटलं.

खुर्चीवर राखाडी स्वेटर होता.

"काकू, स्वेटर तुम्ही ठेवलात?"

"हो गं. घरून आणला. सकाळीच घडी करून ठेवलाय."

टनबाईंनी काचेतून पुन्हा पाहिलं.

घडी नव्हती. स्वेटर खुर्चीच्या पाठीला टेकून ताठ होता.

वरची गुंडीसुद्धा लावलेली होती.