खिडकीकडचा डाव

“ताई, खिडकी देता का?”

डिसेंबरातली सकाळ, उमरेडहून नागपूरला जाणारी आठ-दहाची एसटी आणि ड्रायव्हरच्या बाजूची चौथी खिडकी. ती मिळावी म्हणून मी पावणेआठपासून स्टँडवर उभी असते. तीच हा मनुष्य मागत होता आणि वर मला ताई म्हणत होता.

“काहून? उलटी होते का तुम्हाले?”

“नाही हो. याले उजेड लागते.”

त्याने जॅकेटच्या खिशातून एक करडा डबा काढला. कोपरे घासलेले, मागे कॅसेट खोचलेली, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. लहानपणी मामाकडे पाहिलेला तसला व्हिडिओ गेम! त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. ऊन पडलं तरच आतलं दिसायचं.

“तुमच्या खेळण्यासाठी मी काहून उठू?”

“हेही बरोबर आहे,” तो म्हणाला आणि शेजारी बसला. भांडलाच नाही. मला जरा चुकल्यासारखं झालं, कारण मी भांडायला तयार होते.

मग त्याने हात थोडासा लांब केला. माझ्या पिशवीवर उन्हाचा एक तुकडा पडला होता, त्यात तो डबा धरला आणि खेळू लागला. मी बाहेर बघत होते. म्हणजे तसं दाखवत होते. पण ऊन माझं, पिशवी माझी, मग नजर जाणारच की! पडद्यावर पत्ते होते. बदाम, किल्वर आणि खाली लावलेल्या पैशांचा आकडा. सकाळी सव्वाआठला, अंघोळ करून, केस विंचरून, जुगार!

आता हे माझ्या अंगावर का आलं ते सांगायला हवं. आमचं घर मूळचं विणकरांचं. आजोबांचे दोन माग होते आणि ते दोन्ही एका पोळ्याच्या जुगारात गेले. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. लोक माग सोडवून नेत होते ते त्यांनी दारात उभं राहून पाहिलं. पुढे बाबा कोळशाच्या खाणीत लागले, त्यांनी बैठकीतले मागाखाली पाय सोडायचे खड्डे बुजवून वर फरशी घातली. पण त्या दोन जागी फरशीचा रंग अजून वेगळा दिसतो. आमच्याकडे दिवाळीतसुद्धा सापशिडीच खेळतात, आणि तीही बाबा झोपले की.

म्हणून त्या संध्याकाळी सुभद्रा आत्याचा फोन आला तेव्हा मी तिखटमीठ लावून सांगितलं. “आत्या, बसमध्ये माह्या बाजूले एक जुगारी बसते. खाणीच्या रस्त्याकडचा आहे, कंडक्टरले सांगत होता. दवाखान्याच्या मशिनी दुरुस्त करते म्हणे अन् सकाळपासून पत्ते कुटते!”

आत्या म्हणाली, “बाई बाई!” तिथेच विषय संपला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शेजारी आला, तिसऱ्या दिवशीही. नाव भूपेश. नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यांमध्ये ईसीजीची मशिनं, सलाईनचे पंप असलं काहीबाही दुरुस्त करतो. मीही धंतोलीतच, एका लॅबमध्ये रक्ताच्या काचा तपासते. गणेशपेठेच्या स्टँडवर उतरून आमची वाट एकच होती, आणि एकाच वाटेने दोघांनी वीस पावलांचं अंतर ठेवून चालणं मूर्खपणाचं दिसतं. म्हणून बरोबर चालू लागलो.

खेळ मला आठवड्याभरात कळला. पत्ते घेत जायचं, बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकी बरी. एकवीस ओलांडली की मेलो. भूपेश दर वेळी मरायचा, कारण त्याला थांबता यायचं नाही.

“सोळा आहे. थांबा,” न राहवून मी म्हणाले.

“मॅडम बोलल्या!” त्याने पडद्यावरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. “पण सोळावर कोणी जिंकते का?”

“सोळावर मरत तं नाही.”

“तुम्ही लॅबवाल्या. दोनदा तपासल्याशिवाय रिपोर्ट देत नाही.”

“अन् तुम्ही?”

“मी मशीनवाला. बटन दाबल्याशिवाय बिघाड कुठं आहे ते समजत नाही.” असं म्हणून त्याने बटण दाबलं. नहला आला, पंचवीस. डबा रडवेला टुंऽऽ करून गप्प झाला आणि मी इतकी हसले की पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं.

मग ते रोजचंच झालं. तो विचारायचा, “घेऊ?” मी म्हणायचे, “थांबा.” कधी ऐकायचा, कधी नाही. ‘ताई’ केव्हा गळून पडलं ते कळलंच नाही. त्याच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं... तो मला काहीच म्हणत नव्हता. नुसतं “घेऊ?” म्हणायचा, आणि मी त्या एका शब्दाची वाट बघायचे.

जानेवारीत एक दिवस अवकाळी आभाळ आलं. वाटेतल्या पाचगावच्या अलीकडेच पाऊस सुरू झाला. खिडकीची काच लावली, बसमध्ये अंधार झाला आणि पडदा कोरा दिसू लागला. भूपेशने डबा हातात फिरवला. खेळता येईना, तेव्हा बोलणं भाग पडलं.

“एक सांगू? तुम्ही मले जुगारी समजता ना?”

“तसं... थोडंसं.”

“थोडा होतोही.” तो काचेवरच्या थेंबांकडे बघत बोलत होता. “दोन वर्षांआधी मोबाईलवर रमी खेळलो. खऱ्या पैशानं. अकरा हजार गेले, अख्खा पगार. आईले सांगितलं, अ‍ॅप काढून टाकलं. पण हात ऐकत नव्हते हो. दर दहा मिनिटांनी खिशाकडे जायचे. मग नागपूरच्या रविवारच्या बाजारात हा डबा भेटला. बंद पडलेला होता, मी दुरुस्त केला. यात किती हरा, बंद करून चालू केला की पुन्हा हजारापासून सुरू. कोणाचं काही जात नाही.”

“अजून हात ऐकत नाहीत?”

“ऐकतात. आता तं...” तो थांबला. थांबता येत नव्हतं त्याला, पण तिथे थांबला. “आता तं सवय दुसऱ्याच गोष्टीची झाली.”

 माझे कान गरम झाले. त्या दिवशी गणेशपेठेपासून आम्ही एका छत्रीत चाललो. त्याचा डावा खांदा पूर्ण भिजला, माझा एकही नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आत्या घरी आली. बाबा बैठकीत एका मुलाचा बायोडाटा वाचत होते. स्थळ माझ्यासाठी आलं होतं, गावातलंच. मी चहा घेऊन गेले आणि फोटो पाहिला. भूपेश! केस पाण्याने चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मला एका शब्दाने न सांगता त्याने रीतसर आईकरवी विचारलं होतं. 

“थांब दादा,” आत्याने कागद ओढून घेतला. “खाणीचा रस्ता... दवाखान्याच्या मशिनी... अरे, हा तं तोच जुगारी! आपल्या गुंजननंच सांगितलं होतं मले. मी दोन-चार जणींच्या कानावरही घातलं, म्हटलं कोणाची पोरगी फसाले नको.”

बाबांनी चष्मा काढला. त्या दोन वेगळ्या रंगाच्या फरशांकडे पाहिलं आणि फोन लावला. “नाही जमणार. मुलगा पत्ते खेळते असं समजलं.” एवढंच बोलले.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. तीन महिने एका परक्या मुलाशेजारी बसून पत्ते खेळते, हे बाबांना कसं सांगायचं? मी कप उचलले आणि आत गेले. माझ्यासारखी भित्री मीच.

सोमवारी बसमध्ये तो अगदी मागे, खिडकीपासून लांबच्या सीटवर बसला होता. हातात डबा नव्हता. मी माझी जागा सोडली आणि मागे जाऊन त्याच्यासमोर दांडा धरून उभी राहिले.

“ते मी सांगितलं होतं,” मी म्हणाले. “आत्याले. पहिल्याच दिवशी. तेव्हा मी तुम्हाले ओळखत नव्हते.”

“अन् काल? काल तं ओळखत होत्या.”

मी दांडा दोन्ही हातांनी धरला.

“माह्या मावशीनं आईले विचारलं, पोरगा सुधरला का म्हणून. आई रडून राहिली कालपासून,” तो शांतपणे म्हणाला. “डब्यात हरलो तं बंद करून चालू करता येते. हे नाव कसं बंद करायचं, सांगा.”

त्या दिवशी लॅबमध्ये मी एकच काच चारदा तपासली. संध्याकाळी घरी गेले आणि चप्पल काढायच्या आधी बाबांना सगळं सांगितलं. खिडकी, ऊन, सोळावर थांबणं, अकरा हजार, छत्री. शेवटी म्हणाले, “बाबा, मले तो आवडते. तुम्ही नाही म्हणा पाहिजे तं. पण जुगारी म्हणून नका म्हणू. ते खोटं आहे अन् ते माह्या तोंडातून निघालं आहे.”

बाबांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, “रविवारी बोलाव त्याले. डब्यासकट.”

रविवारी भूपेश आला आणि नेमका त्या वेगळ्या फरशीवर पाय ठेवून बसला. आत्याही हजर होतीच. बाबांनी पोह्यांची बशी पुढे केली आणि सरळ विचारलं, “पत्ते खेळता?”

“खेळतो, काका. एकदा खऱ्या पैशानं खेळलो, अकरा हजार हरलो. त्याच्यानंतर नाही.”

“सोडलं कसं?”

भूपेशने डबा काढून बशीशेजारी ठेवला. बाबांनी आयुष्यात पत्त्याला हात लावला नव्हता. चष्मा लावून ते उजेडासाठी दारात गेले, त्याच दारात. भूपेशने बटणं दाखवली. पहिला डाव बाबा जिंकले आणि हसले. दुसरा हरले. मग पाठ वाकली, मान खाली गेली, “आणखी एक” म्हणत अंगठा चालत राहिला. आम्ही सगळे बघत होतो. दहा मिनिटांत आकडा शून्यावर आला. बाबांचा चेहरा उतरला, अगदी खरेच पैसे गेल्यासारखा.

“काका, बंद करा,” भूपेश हळूच म्हणाला. “आता चालू करा.”

हजार.

बाबा त्या आकड्याकडे बघत राहिले. मग फरशीकडे.

“माह्या बापाले हा डबा भेटला असता...”  खाकरून ते आत्याकडे वळले. “सुभद्रा, ज्यांना ज्यांना सांगितलं ना, त्यांच्या घरी उद्या जाय. सांग का माहा जावई पत्ते खेळते. अन् कायच्यात खेळते, तेही सांग.”

“मले तं आधीच वाटलं होतं, पोरगा सरळ आहे,” आत्या म्हणाली आणि पोहे वाढायला उठली.

जावई! मी भूपेशकडे पाहिलं. तो माझ्याकडे न बघता पोह्यातले शेंगदाणे वेचत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. या वेळी त्याचे.

सोमवारी मी चौथ्या खिडकीशी बसले होते. तो आला, उभा राहिला.

“गुंजन,” तो पहिल्यांदा म्हणाला, “खिडकी देतेस?”

मी सरकले. रोज पावणेआठला येऊन धरलेली खिडकी एका हाकेवर सोडली. त्याने डबा उन्हात धरला. दोन पत्ते आले. सोळा.

“घेऊ?”

“घे,” मी म्हणाले.

तो वळून बघतच राहिला. मग बटण दाबलं. सत्ता आला. तेवीस, मेलो.

“पहिल्यांदा तू घे म्हटलं अन् हरलो ना!”

“सवय कर,” मी म्हणाले. “आता जन्मभर माझंच ऐकायचं आहे.”

नागपूरच्या तोंडाशी दिघोरी येईपर्यंत आम्ही आणखी नऊ डाव हरलो.